यादीमागे नमुना हवा

मा. जिल्हाधिकारी, रायगड
अलिबाग



आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते, तेव्हा अध्यक्षस्थानी आपण असता किंवा आपले अपर जिल्हाधिकारी असतात. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ती जबाबदारी आपल्या पदावर टाकली आहे. लोक बोलतात ते मासेमारीवर, जमिनीच्या मोबदल्यावर, नोकऱ्यांवर. त्यांनी बोलावंही त्यावरच. पण समोर ठेवलेल्या जाडजूड अहवालात मागे कुठेतरी वनस्पतींची एक यादी असते, तिच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. माझं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे मी अहवाल उघडते तो त्या पानापासून. हे पत्र त्या यादीबद्दल आहे.

यादीत शास्त्रीय नाव असतं, कुळ असतं, कधी स्थानिक नाव असतं, झाड आहे की वेल तेही लिहिलेलं असतं. नसतं ते असं: हे झाड नेमकं कुठे दिसलं, कोणत्या तारखेला, कुणी पाहिलं, तेव्हा त्याला फुलं होती का, आणि ते हेच आहे हे कशावरून ठरवलं. म्हणजे यादी बरोबर आहे की चूक, हे पडताळायला काही साधनच नाही. पुढे तिथे भराव पडतो, रस्ता होतो, गोदामं उभी राहतात. मग एखाद्याला शंका आलीच, तर बघायला जायचं कुठे?

आपल्या कार्यालयाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर फेरफार लागतो आणि फेरफारामागे दस्त लागतो. झाडाच्या नावामागचा दस्त म्हणजे हर्बेरियममधला नमुना: वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेली खरी फांदी आणि तिच्याखालचं लेबल. माझी मागणी एवढीच आहे की, रायगडच्या किनाऱ्यावर यापुढे अशी कोणतीही यादी नमुन्यांशिवाय स्वीकारली जाऊ नये.

उदाहरण अगदी दारातलं घेते. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही खाडीच्या काठाला गेलात की तिवर दिसेल. कोळी बांधवांना, आगरी शेतकऱ्यांना तिवर सांगावं लागत नाही. पण तिवर म्हणून जे दाखवलं जातं ते एकच झाड नाही. अविसेनिया मरिना आणि अविसेनिया ऑफिसिनॅलिस, या दोन्हींना आपण तिवरच म्हणतो. मरिनाचं पान बहुधा टोकाकडे निमुळतं, खालून राखाडी पांढरट, फुलं बारीक. ऑफिसिनॅलिसचं पान टोकाला गोल, खालून पिवळसर झाक असलेलं, फूल जवळपास दुप्पट मोठं. होडीतून जाताना हा फरक दिसत नाही. फांदी हातात घ्यावी लागते, पान उलटं करावं लागतं, फूल भिंगाखाली धरावं लागतं. चिप्पीचंही तसंच. २०२० मध्ये आपल्या राज्यानं पांढऱ्या चिप्पीला, म्हणजे सोनेरेशिया आल्बाला, राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मान दिला. तिच्या जवळच्या नात्यातली सोनेरेशिया अपेटाला खाली लोंबणाऱ्या फांद्यांची, बिनपाकळ्यांची, आणि तिच्या फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक उघड्या छत्रीसारखं पसरट. पांढऱ्या चिप्पीचं फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत त्यातले पुंकेसर गळून चिखलावर पडलेले असतात. दुपारी बाराला पाहणी करणाऱ्याला फूल सापडणारच नाही. तो पानावरून अंदाज बांधेल. अंदाज बांधणं हा गुन्हा नाही. पण त्या अंदाजावर शेकडो हेक्टरांचे निर्णय होणार असतील, तर तो नंतर कुणाला तरी तपासता आला पाहिजे.

नमुना करायला फार मोठं तंत्र लागत नाही. चिकाटी मात्र लागते. फुलं-फळं असलेली फांदी कात्रीनं कापायची, छोटं रोप असेल तर मुळासकट उपटायचं, त्याच क्षणी वहीत क्रमांक घालून नोंद करायची. वाळल्यावर रंग तपकिरी होतो, म्हणून फुलाचा रंग, वास, चीक आहे का, झाडाची उंची, पायाखाली चिखल की वाळू, भरतीचं पाणी तिथवर येतं का, हे सगळं जागेवरच लिहायचं. मग जुन्या वर्तमानपत्रात पसरून लाकडी पट्ट्यांच्या प्रेसमध्ये घट्ट आवळायचं आणि कागद रोजच्या रोज बदलायचे. आपल्या किनाऱ्यावर इथेच खरी परीक्षा असते. तिवराची पानं अंगातलं मीठ बाहेर टाकतात. ते मीठ हवेतली ओल ओढतं. मोरस, जिची खारट भाजी आपल्याकडे अजून खातात, तिची पानं इतकी रसाळ की प्रेसमध्येही ती कित्येक दिवस हिरवीच राहते. तिला आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावं लागतं. श्रावणात तर दुसऱ्या दिवशी बुरशी धरते, मग दिव्याच्या किंवा हीटरच्या उबेशिवाय गत्यंतर नाही. नारळाची झावळी कागदावर मावत नाही, तिचे तुकडे करून प्रत्येकावर तोच क्रमांक बांधायचा. फणसाडच्या जंगलातल्या गारंबीची शेंग हातभरापेक्षा लांब. ती वेगळ्या खोक्यात जाते, कागदावर तिचा क्रमांक राहतो. शेवटी साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर फांदी, सुटं बी ठेवायला कोपऱ्यात कागदी पाकीट आणि उजव्या हाताला खाली लेबल. लेबलाशिवाय त्या फांदीची किंमत काडीइतकीही नाही.

मोबाइलमध्ये फोटो काढला तर पुरणार नाही का, असं मला नेहमी विचारतात. फोटो जरूर काढावा, रंगासाठी तो हवाच. पण फोटोतलं पान उलटवता येत नाही, फोटोतलं फूल पाण्यात भिजवून सुईनं उकलता येत नाही, आणि फोटोतून डीएनए निघत नाही. वाळलेल्या शंभर वर्षांच्या पानातून तो निघतो.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आले आणि १९०५ मध्येच त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कांदळवनांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. ज्या काळी खाजणाकडे फक्त भराव घालायची जागा म्हणून पाहत, त्या काळची ही गोष्ट. झेवियर्समधल्या संग्रहाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आज ब्लॅटर हर्बेरियममध्ये सुमारे दोन लाख नमुने आहेत. तिथेच काम करून पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झालेले फादर सांतापाव यांनी आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच्या खंडाळ्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा नोंदग्रंथ, लिहिला. बोरिवलीच्या जंगलात मिळालेल्या सफेद मुसळीच्या एका जातीला त्यांनी आणि फर्नांडिस यांनी क्लोरोफायटम बोरिविलियानम हे नाव दिलं. आज औषधासाठी देशभर जी मुसळी शेतात लावतात तिचं नाव मुंबईच्या एका उपनगरावरून आलेलं आहे, आणि ते नाव टिकून आहे त्याचं कारण त्यामागे ठेवलेला नमुना.

त्याआधी थिओडोर कुक. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये क्यू इथे बसून त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा फ्लोरा पुरा केला. त्यांना क्यूमध्ये बसावं लागलं, कारण डॅल्झेल यांच्यासारख्यांनी कोकणात गोळा केलेले नमुने तिथे गेले होते. आपल्या मातीतल्या झाडांची पहिली साक्ष परदेशात आहे ही गोष्ट मला अजूनही टोचते. पण ती जपली गेली, हेही खरं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र १९५५ मध्ये सुरू झालं. रायगडसाठी त्याचं मोल मोठं आहे: एम. जे. कोठारी आणि एस. मूर्ती यांचा ‘फ्लोरा ऑफ रायगड डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ त्याच संस्थेनं १९९३ मध्ये छापला.

म्हणजे आपल्याकडे पाया आहे. तीसहून अधिक वर्षांपूर्वी या जिल्ह्यात काय होतं, हे नमुन्यांनिशी सांगता येतं. पण त्यानंतर काय काय झालं ते पाहा. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्याच्याभोवती उरणची खाजणं वर्षागणिक आटत गेली. उलव्याची टेकडी उतरवून तिथे विमानतळ झाला. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि मुंबईची गाडी थेट चिर्ल्यापर्यंत आली. विरार-अलिबाग मार्ग, रेवस-करंजा पूल, रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग ही कामं पुढे आहेत. यातल्या कशाच्या विरोधात मी हे लिहीत नाही. मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्याला पूल किती मोलाचा असतो, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पण जमीन बदलायच्या आधी तिच्यावर काय उगवत होतं याची पुरावा म्हणून टिकेल अशी नोंद ठेवण्याची ही बहुतेक ठिकाणी शेवटची संधी आहे. १९९३ च्या पुस्तकात नोंदलेल्या किनाऱ्यावरच्या जागा आज कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्याच जागी परत जाऊन, पुन्हा नमुने घेऊनच कळेल.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुडच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नारळ-सुपारीचे पंचनामे झाले, कारण त्यांना मालक होता. वाळूवरची मर्यादवेल, केवड्याची बनं, पुळणीवर पसरणारी, वाळू धरून ठेवणारी गवतं यांचा पंचनामा कुणी करायचा? नंतर कुठे सुरू लावला गेला, कुठे काहीच नाही. आधी तिथे काय होतं, याबद्दल आज गावातली वयस्क माणसं बोलतात तेवढंच हाती आहे.

आता आपल्या कार्यालयात वारंवार येणारी गोष्ट. पेण आणि अलिबागच्या खारेपाटात बांधाला खांडी गेल्या, खारं पाणी पिकत्या भातशेतीत शिरलं आणि काही वर्षांत तिथे तिवर उभं राहिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनंतर ते तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्या शेतकऱ्याचा बाप तिथे राता भात पिकवत होता, त्याला वाटतं की आपली जमीन बघता बघता जंगल ठरली. तिथे तिवर कधी आलं, आधी कोणतं आलं, मोरस आली की मरांडी की थेट तिवर, यावर वाद होतात. उपग्रहाच्या चित्रात हिरवा डाग दिसतो. तो डाग कोणत्या झाडाचा हे त्यातून खात्रीनं सांगता येत नाही. गट नंबर आणि तारीख असलेला नमुना ते सांगू शकतो. कधी तो शेतकऱ्याच्या बाजूनं बोलेल, कधी कांदळवनाच्या. दोन्ही वेळी तो खरं बोलेल.

लेबलावर जागा नीट लिहायचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. मुंबईच्या दक्षिण टोकालाही कुलाबाच आहे. जुन्या कागदावर इंग्रजीत नुसतं कुलाबा लिहिलेलं असेल आणि दुसरा काही धागा नसेल, तर ती फांदी अलिबागची की मुंबईची हे ठरवताना अभ्यासक अडतो. उरण, पनवेल एके काळी ठाणे जिल्ह्यात मोडत. त्यामुळे ‘ठाणे’ लिहिलेल्या कागदातही आपलीच झाडं असू शकतात. झाडांची शास्त्रीय नावंसुद्धा बदलतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत तिवराला अविसेनिया टोमेंटोसा म्हणत. तिवराचं कुळही हलवलं गेलं: आधी ते निर्गुडीच्या कुळात धरत, आता अडुळशाच्या कुळात. नुसती नावं जपून ठेवली असती, तर प्रत्येक बदलासरशी जुनी नोंद थोडी थोडी निकामी झाली असती. नमुना असला की नव्या ज्ञानानं तो पुन्हा पाहता येतो.

नमुन्यातून पुढे काय निघेल हे गोळा करणाऱ्याला माहीत नसतं. १९८७ मध्ये इयन वुडवर्ड या शास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या हर्बेरियमच्या जुन्या पानांवरची रंध्रं मोजली. दोनशे वर्षांत ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला होता. ज्यांनी ती पानं दाबली, त्यांच्या काळात असा प्रश्नही कुणाला पडला नव्हता. २०१३ मध्ये संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात वाळवून ठेवलेल्या बटाट्याच्या रोगट पानांतून डीएनए काढला आणि १८४५ च्या आयरिश दुष्काळामागच्या करप्याचा नेमका प्रकार ओळखला. सुपारीच्या कोळेरोगाशी झुंजणाऱ्या आपल्या वाडीवाल्यांना याचं महत्त्व लगेच कळेल: रोगाचं पानही जपून ठेवायचं असतं.

आमच्या क्षेत्राची उणीवही लपवत नाही. महाविद्यालयांत वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी नमुने केले. गुण मिळाले, निकाल लागला, गठ्ठे कपाटात गेले. किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयातलं असं कपाट मी उघडलेलं आहे: कागदांची कसरीनं चाळण केली होती, आणि जे शाबूत होते त्यांच्या लेबलांवर विद्यार्थ्याचा परीक्षा क्रमांक होता, गावाचं नाव नव्हतं. त्यात खाडीकाठची, आज तिथे न दिसणारी झाडं असतीलही; पण ती कुठली हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मुलांनी कष्ट केले होते. ते कष्ट कुठे पोचवायचे, याची वाट कुणी आखून दिली नव्हती. ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचंही काहीसं असंच झालं. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर पानं भरण्याची घाई झाली. त्या नोंदवह्यांत गावच्या लोकांचं मोलाचं ज्ञान आहे, पण त्यातल्या झाडांच्या नावांमागे नमुने ठेवायला वेळ मिळाला नाही.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे ते असं. जनसुनावणीचे अध्यक्ष या नात्यानं आणि किनारपट्टीच्या जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख या नात्यानं आपण प्रकल्पवाल्यांना लेखी विचारू शकता: या यादीतल्या प्रत्येक नावाचा नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये, कोणत्या क्रमांकानं जमा आहे? अधिसूचनेत याची सक्ती नाही. पण प्रश्न विचारायला बंदीही नाही, आणि उत्तर इतिवृत्तात आलं की पुढच्या प्रत्येक अहवालाला तो पायंडा होईल. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ मध्ये असे नमुने सांभाळणाऱ्या संस्थांची तरतूद आधीच आहे.

दुसरं, नव्या इमारतीची गरज नाही. प्रत्येक झाडाच्या तीन प्रती एकाच क्रमांकानं कराव्यात: एक पुण्याला सर्वेक्षणाकडे, एक मुंबईत ब्लॅटर हर्बेरियमकडे, एक अलिबागला. १ मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं प्रचंड हर्बेरियम जळालं. ज्यांच्या प्रती आधी दुसऱ्या देशांत पाठवल्या होत्या, तेवढ्या झाडांचा पुरावा वाचला. आणि धोका फक्त युद्धाचा नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक या धनाढ्य विद्यापीठानं सव्वाआठ लाखांहून अधिक नमुन्यांचं आपलं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं. एका दाराच्या किल्लीवर सगळं ठेवू नये. अलिबागची प्रत कोरड्या, वातानुकूलित खोलीत, लोखंडी कपाटात राहावी आणि शाळेच्या मुलांना, कोळीवाड्यातल्या बायकांना, वकिलांनाही ती मागून पाहता यावी. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो. त्यातला लहानसा वाटा याला पुरेल. खरा खर्च माणसाचा आहे. पगारावर नेमलेला एक तरी हर्बेरियम सांभाळणारा माणूस हवा. मानधनावर, सहा-सहा महिन्यांच्या मुदतीनं हे काम होत नाही. कपाटाला कसर लागायला एक पावसाळा पुरतो.

गोळा करण्याचे नियम कडक असावेत. फणसाड अभयारण्यात आणि कांदळवनात वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणी पान तोडू नये. जिथे एखाद्या जातीची चार-दोनच झाडं उरली असतील, तिथे एक लहान फांदी आणि फोटो पुरेत. मूळ उपटायचं नाही. हे शिकवायला आम्ही निवृत्त शिक्षक विनामूल्य येऊ. महाविद्यालयांतली मुलं आहेतच. खाडी ओळखणारी माणसं गावोगाव आहेत; त्यांचं नाव लेबलावर ‘माहिती देणारा’ म्हणून यावं, एवढं मात्र पाहिलं पाहिजे.

वेळेबद्दल एक सांगते आणि थांबते. तिवर आणि चिप्पीची फुलं मिळवायची तर उन्हाळ्यात खाडीवर जावं लागतं. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या जांभ्याच्या सड्यांवर मात्र पाऊस स्थिरावल्यावरच फुलं येतात आणि दसऱ्यापर्यंत बरीचशी वाळून जातात; त्यानंतर गेलेल्या सर्वेक्षकाला तिथे नुसता कातळ दिसतो आणि अहवालात ‘पडीक जमीन’ लिहिलं जातं. म्हणून एका फेरीत केलेली पाहणी मान्य करू नये. उन्हाळ्यातली एक आणि भाद्रपदातली एक, अशा किमान दोन फेऱ्यांचे नमुने मागावेत. येत्या मोसमासाठी आदेश काढायचा तर तो मार्च संपायच्या आत निघायला हवा, म्हणजे परवानग्या, प्रेस आणि माणसं खाडीतली फुलं संपायच्या आधी तयार होतील. मसुदा करून द्यायला मी तयार आहे. बोलावलंत तर अलिबागला येऊन भेटेन.

आपली नम्र,
किनाऱ्यावरील एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका